तीन विषयांना दोन खोल्या

आमच्या कॉलेजात विषय तीन आहेत, अर्थशास्त्र, संगीत आणि संगणक, आणि हॉल एक आहे. असं का, ते मला विचारू नका. ज्यांनी कॉलेज काढलं त्यांना तीन मुलं होती आणि तिघांच्या आवडी तीन तऱ्हेच्या होत्या, एवढंच सांगतात. मुलं शिकून निघून गेली, विषय मात्र आमच्या गळ्यात राहिले. हॉलमध्ये लोखंडी कपाटं आडवी लावून तीन भाग केले आहेत. खिडकीकडच्या भागात मी अर्थशास्त्र शिकवते, मधल्या भागात आमच्या वन्सं संगीत शिकवतात आणि पलीकडच्या टोकाला प्राचार्यांचे जावई संगणक. कपाटं माणसाच्या उंचीची आणि छत त्याच्या दुप्पट उंच, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू येतं. माझ्या एका विद्यार्थिनीने चलनवाढीच्या उत्तरात सातांपैकी चार सूर लिहिले होते. मी तिला अर्धा मार्क दिला, कारण बाकीच्यांनी तेवढंही लिहिलं नव्हतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. नात्याने मी वहिनी, वयाने त्या दोन वर्षांनी मोठ्या, म्हणून आम्ही एकमेकींना अहो-जाहो करतो आणि मनात काय म्हणतो ते मनातच ठेवतो. घर एकच आहे, त्या वर राहतात, आम्ही खाली. बाई मनाने वाईट नाहीत, पण सुराच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय करत नाहीत. आमची मुलगी तान्ही असताना आमचे हे तिला गाऊन झोपवत होते. घरात पाहुणे बसलेले, आणि वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, दादा, पुरे, पोरीचा कान बिघडेल. हे जे गप्प झाले ते आजतागायत गायलेले नाहीत.

जावयांना सगळे रीस्टार्ट म्हणतात. कॉम्प्युटर बंद पडो, पंखा बंद पडो, कुणाचं पोट बिघडो, त्यांचा सल्ला एकच, बंद करून पुन्हा चालू करा. मुलगा गुणाचा आहे. फक्त यंत्र सांगेल ते तो खरं मानतो, आणि तो सांगेल ते त्याचे सासरे खरं मानतात.

वर्षाच्या सुरुवातीला वरून, म्हणजे विद्यापीठातून, पत्र आलं की प्रत्येक विषयाला चार भिंतींची स्वतंत्र खोली हवी. गवंडी बोलावला. त्याने हॉल मापला आणि सांगितलं की दारं दोन, तेव्हा खोल्याही दोनच होतील, तिसरी काढली तर तिच्यात खिडकीतून उडी मारून जावं लागेल. प्राचार्यांनी खिडकीची उंची मापून घेतली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावून ते म्हणाले की एक विषय बंद करावा लागणार.

सगळ्यांनी वन्संकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे छताकडे. खोटं कशाला बोलू, मला आतून हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. ती लाज झाकायला मी उभी राहून भाषण ठोकलं. म्हटलं, तोंड बघून ठरवू नका, मोजा. कोणता विषय खरोखर किती तास शिकवला जातो ते आठवडाभर मोजा, आणि मगच काय ते ठरवा. रीस्टार्टचे डोळे लकाकले. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्याने तिन्ही भागांत एकेक माइक टांगला आणि एक प्रोग्राम लिहिला. माइकवर जे ऐकू येईल ते कोणत्या विषयातलं हे प्रोग्रामने ओळखायचं आणि तास मांडायचे. आठवड्याने निकाल लागला. संगीत छत्तीस तास, संगणक शून्य, अर्थशास्त्र शून्य. मधल्या भागातले चाळीस गळे एकदम लागले की तिन्ही माइकना दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मी म्हटलं, अरे बाबा, मी आठवडाभर घसा फोडून मागणी आणि पुरवठा शिकवलाय. त्यावर तो शांतपणे म्हणाला की यंत्राला तसं काही आढळलेलं नाही. स्वतःच्या विषयाला शून्य आल्याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट प्रोग्राम कुणाची बाजू घेत नाही हे त्यावरून सिद्ध झालं म्हणून तो खूश होता.

प्राचार्यांनी निकाल सहीशिक्क्यासह वर पाठवला. बंद करायचा होता एक विषय, बंद झाले दोन, म्हणून वरून कौतुकाचं पत्र आलं. भिंत घालायची गरजच उरली नाही, गवंड्याला परत पाठवलं. रीस्टार्टला ऑफिसात घेतलं, कारण ज्या यंत्राने हा निर्णय दिला ते चालू ठेवायला कुणीतरी हवं. राहता राहिले मी. माझे सासरे काही प्राचार्य नव्हते.

मला निवृत्तीला सहा वर्षं होती. एकवीस वर्षं मी सकाळी साडेदहाला त्या खिडकीपाशी उभी राहून तीस पोरांवर चिडत आले आहे, आणि मला दुसरं काही येत नाही. घरी आमचे हे निवृत्त होऊन बसलेत. रोजचा पेपर मोठ्याने वाचतात, जाहिरातींसकट. त्या खुर्चीसमोर दिवसभर बसायची माझी तयारी नव्हती. त्याहून वाईट म्हणजे मी जाणार हे सांगितलं तेव्हा माझ्या तिसांपैकी एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एकाने फक्त विचारलं की मग खिडकीतला वारा कुणाला मिळणार. एकवीस वर्षं मी बोलत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि फार लागलं.

प्राचार्यांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, आता सगळं कॉलेजच संगीताचं आहे, तेव्हा तुम्ही संगीतातल्या आहात असं विभागप्रमुखांनी लिहून दिलं तर मी तुम्हाला ठेवून घेतो. विभागप्रमुख म्हणजे वन्सं. विभागात त्या एकट्याच, त्यामुळे प्रमुखही त्याच.

त्या संध्याकाळी मी जिना चढून गेले. इतक्या वर्षांत काही मागायला वर जायची ही पहिलीच वेळ. म्हटलं, वन्सं, एक ओळ लिहून द्या, घरचंच काम आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि शुक्रवारी परीक्षा घेते म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्यावर वेळ आली तेव्हा मी उभी राहिले होते, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी विचारलं, माझ्यासाठी राहिला होतात की भाषणासाठी? मी दार आपटून खाली आले.

चार दिवस मी सात सूर घोकले. आमचे हे कानात कापूस घालून पेपर वाचू लागले, तोही मोठ्यानेच. शेजारच्या बाई दोनदा येऊन घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेल्या. दुसऱ्यांदा नवऱ्याला सोबत घेऊन आल्या होत्या.

शुक्रवारी मधल्या भागात टेबल मांडलं. प्राचार्य बसले, शेजारी रीस्टार्ट, पियानोपाशी वन्सं आणि मागे त्यांचे चाळीस विद्यार्थी उभे, कारण वेळ त्यांच्या तासाची होती. मी डोळे मिटले आणि सातही सूर चढले. उतरताना पाचच सापडले.

"बेसूर," वन्सं म्हणाल्या.

एवढंच. पुढे ना पण, ना परंतु. प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझं डोकं फिरलं. मी बोलत सुटले. म्हटलं, वस्तू दुर्मिळ झाली की तिची किंमत वाढते, एवढं शाळेतल्या पोराला कळतं, तुम्हाला कळत नाही. गाणारी माणसं घरटी एकेक आहेत, न्हाणीघर न्हाणीघर दुमदुमतंय, अर्थशास्त्र शिकवणारी मात्र या सगळ्या भागात मी एकटी. मागणी कशाला म्हणतात, पुरवठा कशाला म्हणतात, कधी विचारलंत का?

दोनतीन वाक्यं झाली असतील नसतील, तोच पियानो वाजू लागला. आणि मागचे चाळीसच्या चाळीस गायला लागले. मी दचकून थांबले. तेही थांबले, अर्ध्या ओळीवर, तोंडं उघडी ठेवून. हा काय चावटपणा, असं मी विचारलं, तर ते पुन्हा सुरू. मी थांबले की ते थांबायचे, मी बोलले की ते गायचे. टेनिसचा सामना बघावा तशी प्राचार्यांची मान इकडून तिकडे फिरत होती. रीस्टार्टने पुटपुटत सुचवलं की मॅडमना बंद करून पुन्हा चालू करून बघावं.

वन्संनी पट्ट्यांवरून हात उचलले. "मुलांचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना तीच सवय आहे. मी ताल शिकवते तो वहिनींच्या बोलण्यावर. पलीकडे कान द्या, मागणी म्हटलं की पहिला ठोका, पुरवठा म्हटलं की ओळ उचला, असं सांगते त्यांना."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही लागलात त्या वर्षापासून. एकवीस वर्षं रोज ऐकतेय, वहिनी. सुरात तुम्ही कधीच नव्हता. पण ठोका एकदाही चुकला नाही. ताप अंगात घेऊन आलात, त्या दिवशीसुद्धा नाही."

मला रडू आलं, चारचौघांत, प्राचार्यांसमोर. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्या घरात माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. मी भिंतीशी बोलतेय असं समजत होते, आणि कपाटापलीकडे ही बाई रोज साडेदहाला कान देऊन बसत होती. मी डोळे पुसायला लागले तर वन्सं म्हणाल्या, नाक ओढू नका, मुलं गोंधळतात.

प्राचार्यांची अडचण निराळीच होती. बेसूर माणसाला संगीताचा शिक्षक नेमता येत नाही. वन्संनी अगदी गंभीरपणे तोडगा सुचवला की शिक्षक नको, वाद्य म्हणून नोंद करा. प्राचार्यांनी तितक्याच गंभीरपणे रजिस्टर मागवलं. पियानो एक, व्हायोलिन चार, ढोल एक, आणि त्याखाली मी. रीस्टार्टने प्रकार विचारला. वन्संनी तालवाद्य सांगितलं. नियमाप्रमाणे वाद्य दहा वर्षं मोडीत काढता येत नाही, म्हणजे आता मला निवृत्तीनंतरही चार वर्षं ठेवून घेणं कॉलेजला भाग आहे. पगार पूर्वीइतकाच, फक्त देखभाल या नावाने मिळतो. आजारी पडले तर रजेचा अर्ज करायचा नाही, नादुरुस्त असल्याचं कळवायचं.

सोमवारी साडेदहाला मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. समोर माझे तीस जण होते, कागदावर संगीताचे झालेले, बाकं तीच. मी मागणी म्हणाले आणि त्या क्षणी पलीकडच्या चाळीस जणांनी कान टवकारल्याचं मला जाणवलं. जीभ अडखळली. पलीकडे गाणं कोसळलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळले. तिसऱ्यांदा तर पुरवठा हा शब्दच आठवेना. एकवीस वर्षं न चुकलेली बाई, कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर पाच मिनिटांत मोडीत निघाली, असं वाटलं.

कपाटावरून वन्संचा आवाज आला. "वहिनी, आमच्यासाठी बोलू नका. तुमच्या पोरांवर चिडा."

मी समोर पाहिलं. पहिल्या बाकावरची मुलगी वहीवर गाल टेकून गाढ झोपली होती. मी तिच्यावर जी सुरू झाले ती तास संपेपर्यंत थांबले नाही, आणि पलीकडचंही कुणी थांबलं नाही.