तेरा मिलिमीटर

दर दोन-तीन वर्षांनी सायकल कंपन्यांना नवा साक्षात्कार होतो. मागच्या चाकाचा मधला भाग एवढाच रुंद हवा म्हणतात, मग त्याहून रुंद, मग आणखी रुंद. कालपर्यंत जे उत्तम होतं ते रातोरात भंगार! नोरीनच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे तोच मधला भाग, फुटला, तेव्हा दुकानातल्या टॅव्हिशने सगळे खण उपसले, जुनी खोकी उलटीपालटी केली आणि शेवटी मान हलवली.

"जुन्या मापाचा कुठेच मिळत नाही गं. नवे सगळे तेरा मिलिमीटरने जास्त रुंद. तुझ्या फ्रेममध्ये बसायचे नाहीत."

"मग?"

"मग नवी फ्रेम. तिला पुढचं चाक धरणारा तुझा फोर्क चालणार नाही. फोर्क बदलला की पुढचं चाक..."

"एका हबापायी अख्खी सायकल? नाकापेक्षा मोती जड!"

"माझ्यावर कशाला डाफरतेस? मापं काय मी ठरवतो?"

फ्रेम तिच्या नवऱ्याने, लाइलने केली होती. नोरीनचे पाय आखूड, बाजारातली एकही सायकल धड बसेना, म्हणून अख्खा हिवाळा तो गॅरेजात वेल्डिंग करत बसला होता. आता लाइल नव्हता. फर्नी गावाच्या डोंगरवाटांवर तिच्यासोबत त्याची एवढी फ्रेमच यायची. ती भिंतीला टांगून ठेवायला नोरीन तयार नव्हती.

पण फ्रेम स्टीलची होती, आणि स्टील ताणता येतं. इथले जुने सायकलवाले मागच्या दोन दांड्यांमध्ये आट्यांची सळई घालतात आणि नट फिरवत दांड्या फाकवतात. पाच-सात मिलिमीटर खपून जातात. तेरा म्हटल्यावर टॅव्हिशने हात जोडले, "नको गं बाई, हट्ट करू नकोस." ऐकेल ती नोरीन कसली! नवा हब घेऊन ती घरी आली.

गॅरेजात सळई घालून ती नटाला पाव-पाव फेरा देत राहिली. नजर सगळी लाइलने वेल्ड केलेल्या जोडावर. तुटला तर तोच तुटेल, हीच धास्ती. शेवटी सळई काढून तिने हब लावून पाहिला. अलगद आत गेला!

"बसला रे, लाइल!" ती मोठ्याने म्हणाली आणि हब आवळू लागली.

कट्‌कन आवाज झाला.

तिने आधी जोड चाचपला. केसभरही हलला नव्हता. त्याच्या शेजारची नळी आडवी चिरली होती. ती तशीच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. लाइलचं काम टिकलं होतं. फ्रेम तिने मोडली होती, स्वतःच्या हाताने.