सहावी गाडी

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत, आणि त्यांचा धाकही तसाच होता. जुनी गाडी घ्यायची, तिच्यावर शिकवायचं आणि शिकलेल्यालाच ती विकायची, हा त्यांचा शिरस्ता. अट एकच. अंगणाच्या अरुंद फाटकातून गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढायची. खांबाला घासली की सौदा मोडला.

बाईंकडे शिकलेल्या नर्सताईने काल लाल गाडी अशी अलगद काढली की बाईंचेच डोळे भरून आले. सोमवारपासून तिची बदली दूरच्या दवाखान्यात होती आणि तिकडे बस जात नव्हती. म्हणून आज दोघी गाडी तिच्या नावावर करायला लगबगीने परवाना कार्यालयात आल्या होत्या.

"यंदा किती गाड्या विकल्यात?" कारकुनाने सहज विचारलं.

हो-नाही करून विषय संपला असता. पण जावयाला नावं ठेवायची संधी बाई कशी सोडणार? "निळी तर दोनदा विकली! आधी जावयाला दिली. त्याला गिअरच जड वाटले, आली परत. मग बेकरीवाल्याने नेली. शिवाय आणखी तीन."

कारकुनाने मान वर केली. "म्हणजे पाच विक्र्या झाल्या. वर्षात पाचच्या वर गेलात की कायद्याने तुम्ही व्यापारी. मग लायसन्स हवं, घराबाहेर दुकान हवं. ही सहावी मी नावावर करू शकत नाही."

नर्सताईचा चेहरा एवढासा झाला. बाईंना वाटलं, आपली जीभच हासडून टाकावी.

"जावयांना विकल्याचा कागद पाहू," कारकून म्हणाला. बाईंनी तिथूनच जावयाला फोन लावला.

"जावईबापू, निळी गाडी नावावर करून घेतली होतीत ना? दहादा बजावलं होतं मी!"

पलीकडे खाकरणं ऐकू आलं. "करणारच होतो, आई. पण रांग फार होती. मग म्हटलं, उद्या बघू. तेवढ्यात गाडीच परत केली. चुकलं माझं."

कारकुनाने कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं आणि तो हसला. गाडी बाईंच्या नावावरून थेट बेकरीवाल्याच्या नावावर गेली होती. "मग ती विक्री झालीच नाही की! ही पाचवी. पुढच्या वेळी मात्र लायसन्स काढा, बाई."

"काढते की," बाई म्हणाल्या आणि पुन्हा फोन कानाला लावला. "जावईबापू, फार बरं केलंत हो."

पलीकडून काळजीचा आवाज आला, "आई, तब्येत बरी आहे ना तुमची?"

शिक्का बसला. बाहेर नर्सताईने दोन मोठ्या गाड्यांच्या मधून लाल गाडी मागे घेतली. बाई शेजारी, शिकवणारीसाठीच्या जादा ब्रेकपाशी, नेहमीच्या जागी बसायला निघाल्या, थबकल्या आणि मागचं दार उघडून बसल्या. तिथे पायाखाली ब्रेक नव्हता. घर येईपर्यंत त्यांनी तो एकदाही शोधला नाही.