दिरासाठी आणलेला कुत्रा

दिराशी कोर्टात भांडायचं बळ माझ्यात नव्हतं, म्हणून मी कुत्रा आणला.

लाँड्री माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून काढली होती. धुणं त्या दोघांचं, इस्त्री माझी. नवरा गेला, आणि महिना सरतो न सरतो तोच एका सकाळी माझी चावी कुलपात फिरेना. कुलूपच नवं होतं. भाऊजी आतून आले, माझ्या सामानाचं बोचकं पायरीवर ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, फार केलंत. आता घरी बसा, नातीला खेळवा." गिऱ्हाइकं उभी होती. एका बाईने तर मान डोलावली, काय गुणाचा दीर आहे म्हणून.

त्या बोचक्यात चुकून भाऊजींचा एक शर्ट आला होता. घामाचा, केसांच्या तेलाचा, तंबाखूचा वास मारणारा. जन्म लोकांच्या कपड्यांत गेला, पण तो शर्ट मी धुतला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला.

पुढे मुलाने आणि सुनेने नातीसाठी कुत्रा आणायचं ठरवलं. टाकून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळणारी एक जागा आहे, तिथे आम्ही गेलो. नातीला एक पांढरं पिल्लू आवडलं होतं. मी मात्र कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी थांबले. काळा, धिप्पाड, एक कान फाटका, आणि आम्हाला बघताच दात विचकलेले.

"हाच," मी म्हणाले.

तिथल्या बाई म्हणाल्या, "आजी, हा दिसतो तसा नाही हं. भित्रा आहे. कुणीतरी मार मार मारलाय त्याला. ज्याची भीती वाटते ते लांबून दाखवायचं आणि लगेच काहीतरी आवडीचं खायला द्यायचं. मग हळूहळू जवळ आणायचं. भीती जाते."

मी मान हलवली. माझं लक्ष त्या दातांवर होतं.

घरी आल्यावर तो जो पलंगाखाली शिरला तो बाहेरच येईना. मी आता पुढच्या खोलीत शेजारपाजारच्यांच्या कपड्यांना इस्त्री करते. इस्त्रीची वाफ फुसकली की हा जागेवरच मुतायचा. मग बाईंनी सांगितलं तसं केलं. वाफ सोडायची, उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायचा. पलंगाखालून नाक आलं, मग डोकं, मग सगळा कुत्रा. पुढे पुढे तर इस्त्रीच्या टेबलाखाली पसरून घोरायला लागला.

"आजी, ह्याचं नाव काय?" नातीने विचारलं.

"वकील."

"असं कुठे नाव असतं?"

"असतं. माझी केस लढणार आहे तो."

दुपारी घरात कुणी नसायचं. मी पिशवी सोडायचे आणि तो शर्ट हँगरला लावून दाराला टांगायचे. पहिल्यांदा वकिलाच्या पाठीवरचे केस उभे राहिले, तो गुरगुरला. "शाब्बास!" म्हणून मी अंड्याचा तुकडा दिला. रोज तेच. वर त्याच्या फाटक्या कानात सांगायचे, "हाच तो. वास नीट ध्यानात ठेव." काही दिवसांनी त्याने गुरगुरणं सोडलं. नुसता शर्टापुढे बसून लाळ गाळायचा. मला वाटलं, झडप घालायच्या आधी वाघसुद्धा असाच गप्प होत असेल.

एकदा सून कामावरून लवकर आली. तिने शर्ट पाहिला, कुत्र्याची शेपटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुणाचा हो, आई?"

"जुना आहे. फडक्याला होईल."

"छान शिकवताय," एवढंच म्हणून ती ओठ दाबत स्वयंपाकघरात गेली.

शनिवारी संध्याकाळी लाँड्रीत पाय ठेवायला जागा नसते. मुद्दाम तीच वेळ धरली. मला पाहून भाऊजी काउंटरमागून मोठ्याने म्हणाले, "अरे वा, वहिनी! कपडे टाकायला आलात की काय?" माणसं हसली. मी वाकून पट्टा सोडला.

"वकील, जा!"

तो काउंटरवरून पलीकडे गेला. बायका किंचाळल्या. भाऊजी धाडकन चादरींच्या ढिगात पडले. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! पण मग आतून चाटल्याचा चपचप आवाज यायला लागला. वाकून बघते तो वकील त्यांच्या छातीवर दोन्ही पाय रोवून तोंड चाटतोय, आणि शेपटीने इस्त्रीच्या घड्या उडवतोय. चाटून झाल्यावर समोर बसला आणि एक पंजा वर केला. अंडं मागत होता मेला.

"आजी," एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या कुत्र्याने मालकालाच धुऊन काढलं की!"

भाऊजी उठलेच नाहीत. ढिगातच बसून त्याच्या मानेवरून हात फिरवत होते. "मला बघून असं धावत कधी कुणी आलं नव्हतं," असं काहीसं पुटपुटले. त्यांनी लग्न केलेलं नाही. मी वकिलाला फरफटत घरी आणला.

झालेलं ऐकून सून हसता हसता खाली बसली. "आई, भीती वाटते ते दाखवा आणि खायला द्या! इस्त्रीचं तेच केलंत, शर्टाचंही तेच!"

"तुला कळलं होतं?"

"मग? चावला असता तर परत सोडून यावं लागलं असतं त्याला. पोरगी त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपते, आई."

चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

मग भाऊजी आमच्या दारात आले, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन. वकील वेडापिसा झाला. त्यांनी गुडघे टेकून त्याला कवेत घेतलं आणि वर न बघताच म्हणाले, "वहिनी, दुकान बंद केल्यावर वर खोलीत फार सुनं वाटतं. हा मला द्या. तुम्ही परत या दुकानात. इस्त्रीचं टेबल तुमचंच."

मुलगा आतून आशेने बघत होता. भाऊजी माझ्यापुढे असे गुडघ्यावर आलेले मी मनात कितीदा पाहिले होते. आता खरेच आले होते, तर माझंच टेबल मला देऊ करून माझाच कुत्रा मागत होते.

"दुकान तुम्हालाच लखलाभ," मी म्हणाले. "हा मिळणार नाही."

"निदान अधूनमधून बघायला येऊ?"

"रस्ता सगळ्यांचा आहे, भाऊजी. दार माझं आहे."

आणि ते लावून घेतलं. वकील आतून ओरबाडत राहिला.

"आई, इतकं?" सून म्हणाली.

"याहून जास्त जमलं असतं तर तेही केलं असतं."

आता संध्याकाळी आम्ही फिरायला निघतो तेव्हा ते गल्लीच्या टोकाला कट्ट्यावर बसलेले असतात. आम्हाला बघून गुडघ्यावर थाप मारतात. वकिलाचं सगळं अंग हलायला लागतं.

"आजी, ते आजोबा रडतायत का?" काल नातीने विचारलं.

"डोळ्यावर ऊन येत असेल."

"ऊन कुठंय?"

"चल तू."

मी बाजूच्या बोळात वळते. कुत्रा जड आहे, सगळा जोर लावून मागे ओढतो. माझा उजवा खांदा रात्रभर ठणकतो. मुलगा म्हणतो, उद्यापासून त्याला मी नेतो. मी पट्टा देत नाही. दुखू दे खांदा.