अळणी नवसाची बरणी

मी बरणी बोलतेय! पांढऱ्या अंगाची, तपकिरी डोक्याची, चिनीमातीची. इकडे तंजावुरात मला 'जाडी' म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीनं ते ऐकलं आणि ती तोंडाला पदर लावून हसली. हसेना का! मी आहेच गोल गरगरीत. आज मात्र मला कुणाचा राग येणार नाही. आज मी इतकी खूश आहे, की झाकण बसवलं तरी ते उडून जाईल.

माझा जन्म विरुधाचलमच्या भट्टीतला. सोबतच्या चार बरण्यांना तडे गेले, मी तेवढी सरळ निघाले, याचा मला अजून गर्व आहे. नागलक्ष्मीबाई नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी मला विकत घेतलं. बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कानाशी धरून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "सरि, हीच होणार." सरि म्हणजे बरं, ठीक. तेव्हापासून राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात माझं ठाणं आहे.

माझ्या पोटात असतं नारतंगाय. महाळुंगाच्या जातीचं हे आंबट फळ. ते गोल गोल चिरायचं, पदरात पदरात मीठ भरायचं आणि उन्हात सुकवायचं. दहीभाताबरोबर त्याची एक फोड जिभेवर ठेवली, की आजारी माणूससुद्धा उठून बसतं. असं मी पूर्वी उगाच फुशारकीनं म्हणायचे. ते एक दिवस शब्दशः खरं होईल असं मला तरी कुठं ठाऊक होतं!

नागलक्ष्मीबाईंचे यजमान बाळकृष्णराव ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत होते. घरात त्यांना अप्पा म्हणत. नव्वद साली त्यांचं डोकं गरगरू लागलं. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ तोडलं, आणि अप्पा खडखडीत बरे झाले. झालं! त्या दिवसापासून घरात गरगरण्याचं खापर मिठावर फुटू लागलं. मला खालच्या फळीवरून वरच्या फळीवर चढवलं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथे तर मीठच नावडतं झालं होतं.

पण माझी एक चाहती होती. शांभवी, त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात जाताना स्टूल ओढायची, वर चढायची, माझ्यातली एक फोड तोंडात टाकायची आणि जिभेनं टाळूशी चोळत पळायची. आई ओरडायची, "कोण गे ते? झाकण वाजलं!" मी काही बोलायचे नाही. पंचवीस वर्षं यांचं मीठ पोटात बाळगलंय, मिठाला जागायला नको?

पंचाण्णव साली दक्षिण राजवीथीत कंप्युटर शिकवणारं एक केंद्र निघालं. काचेचं दार, गार हवा, बाहेर चपला काढून आत जायचं, अगदी देवळासारखं. शांभवीनं बी.एस्सी. करून कंप्युटरचा कोर्सही पुरा केला होता. तिथे शिक्षिका व्हायचं हे तिच्या मनानं घेतलं. झोपेतसुद्धा ती शिकवायची! निवड व्हायची तर एकच अट: पाऊण तास फळ्यापाशी उभं राहून धडा घेऊन दाखवायचा.

सगळं जुळून आलं आणि दुधात मिठाचा खडा पडला. धड्याच्या महिनाभर आधी तिला कसलासा ताप आला. ताप गेला, पण जाताना काहीतरी घेऊन गेला. बसली असताना मुलगी ठीक असायची, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. छाती अशी धडधडायची की दाराची चौकट धरावी लागायची. तरी हट्टानं धडा द्यायला गेली. बाराव्या मिनिटाला हातातल्या खडूसकट खाली कोसळली. केंद्रप्रमुख सुब्रमण्यम स्वतः रिक्षात घालून तिला घरी सोडायला आले. "तब्येत सुधारली की या, मॅडम," ते म्हणाले. "पण आमच्याकडं बसून शिकवता येत नाही."

मग सुरू झाली लोकांची निदानं. माणसांचं मला नवल वाटतं. ज्याला काही कळत नाही तोच आधी बोलतो. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे लग्न करा म्हणजे थांबेल, कुणी म्हणे नखरे आहेत. दोन डॉक्टर झाले. दोघांनी तिला खुर्चीत बसवलं, दाब मोजला आणि म्हणाले, सगळं नॉर्मल. बसल्यावर नॉर्मलच असणार की! पण बरणीचं कोण ऐकतं?

आणि मग नागलक्ष्मीबाईंनी आपल्या मनाचा इलाज केला. कुंभकोणाजवळ उप्पिलियप्पन देव आहे, त्याचा सगळा नैवेद्य बिनमिठाचा असतो. ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, त्या तिथे गेल्या आणि हात जोडून नवस बोलल्या: "माझी लेक वर्षभर मीठ खाणार नाही. तिचं गरगरणं घालव." घरी येऊन माझ्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलं आणि मला थेट माळ्यावर ठेवून दिलं.

मी वरून सगळं बघत होते. अळणी भात, अळणी सार, अळणी ताक. शांभवी निमूट जेवायची आणि दिवसेंदिवस खचत जायची. वेणी घालायलासुद्धा तिला उभं राहवेना. पाहुणे आले तर पंगतीत वाढणं दूरच, ती भिंतीला टेकून बसायची आणि मान खाली घालायची. ज्या पोरीचं शरीर मीठ मागत होतं, चोरून मागत होतं, तिच्या तोंडचं मीठ काढलं होतं, आणि तेही मायेपोटी! माळ्यावर मी नुसती धुमसत होते.

पोंगल झाल्यावर डॉक्टर चिदंबर स्कूटरवरून अप्पांचा दाब बघायला घरी आले. शांभवी त्यांना कॉफी द्यायला उठली आणि मधेच चौकट धरून थांबली. डॉक्टरांनी कॉफीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं. मग चटई घालायला सांगितली. तिला दहा मिनिटं निजवून दाब मोजला, नाडी मोजली. मग उभं केलं. "आता भिंतीला टेकायचं नाही." मी माळ्यावरून मान लांब करून बघत होते, मला मान नसली तरी! निजलेली असताना दाब एकशेदहा, नाडी बहात्तर. उभं राहून थोड्याच मिनिटांत दाब चौऱ्याऐंशी, आणि नाडी एकशेअठ्ठावीस! डॉक्टरांनी तिला पटकन खाली बसवलं.

"हे नखरे नव्हेत," ते म्हणाले. "माणूस उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. ते वर ढकलायचा कारभार शरीर आपल्याआप करतं. हिचा तो आपल्याआपचा कारभार बिघडलाय. डिसऑटोनोमिया म्हणतात. एका रात्रीत जाणारा नाही, पण त्याला वळण लावता येतं."

शांभवी रडायला लागली. दुःखानं नव्हे हो! आपल्या आजाराला नाव आहे, आपण खोटारडे नाही, हे कळल्यानं रडली. मलाही कंठ फुटेल असं वाटलं.

डॉक्टरांनी कागद लिहून दिला. रोज तीन लिटर पाणी. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग बसायचं, मग उभं राहायचं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटा. पायांत मांडीपर्यंत घट्ट मोजे. मद्रासहून मागवायची एक पांढरी गोळी. आणि शेवटची ओळ: जेवणातून रोज दोन चमचे मीठ.

ती ओळ ऐकली आणि मी माळ्यावर नाचायचीच बाकी होते. पण नागलक्ष्मीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी विटा आणल्या, मोजे आणले, पाण्याचा तांब्या दर तासाला भरला. "मात्रै घेतलीस की? पाणी पिलीस की?" दिवसभर हाच गोळी-पाण्याचा घोष. फक्त मीठ दिलं नाही. शांभवीनंही मागितलं नाही. देवाला दिलेला आईचा शब्द आपल्यामुळं मोडायला नको, असं त्या वेडीला वाटलं.

त्याच आठवड्यात केंद्रातून पत्र आलं. एक जागा रिकामी होती. पंधरा मार्चला पुन्हा धडा देऊन बघा. ही संधी शेवटची.

तीन आठवडे झाले तरी फरक नाही. डॉक्टर पुन्हा आले, मोजलं, कपाळाला आठ्या घातल्या. "मीठ किती देता?"

नागलक्ष्मीबाईंनी नवसाचं सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "अम्मा, ही गोळी शरीरातलं मीठ धरून ठेवते," ते म्हणाले. "मीठच नसेल तर ती धरणार काय?" एवढं बोलून ते स्कूटर सुरू करून गेले.

अप्पा तेव्हा पहिल्यांदा चिडले. "नवस बोलतांना मज एक शब्द विचारलीस का?"

"अय्यो, तुमचंही मीठ सोडूनच बरं झालं की!"

"माझा दाब वर जातो, तिचा खाली येतो. दोघांस एकच औषध कसं होईल?"

नागलक्ष्मीबाई शांभवीजवळ जाऊन बसल्या. तिच्या केसांत तेल चोळू लागल्या. "देवास शब्द दिलाय गे," त्या म्हणाल्या. "मोडला तर तुजच काही होईल, म्हणून भितें मी. त्या देवाची कथा तुज ठाऊक आहे की नाही? ऋषीची पोर लहान होती. देव म्हातारा होऊन मागणी घालाया आला. ऋषी म्हणाले, पोर लहान आहे, जेवणांत मीठ घालायचंही तिला कळत नाही. तर देव म्हणाला, सरि, तिच्यासाठीं मी बिनमिठाचं..."

त्या थांबल्या. तेलाचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला.

"आई?"

"पोरीनं नाही सोडलं गे," त्या हळूच म्हणाल्या. "देवानं सोडलं. पोरीसाठीं मोठ्यानं सोडलं."

आणि त्या उठल्या! स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला, मला कवेत घेतलं. फडक्याची गाठ सुटेना, तर दातांनी सोडली. मला देवापुढे ठेवून त्यांनी हात जोडले. "देवा, हिचा नवस मी अंगावर घेतें. वरीस पुरं होईतों मी मीठ खाणार नाही. हिला खाऊं दे."

अप्पा दारातून म्हणाले, "सरि. अळणी जेवाया मज सोबत झाली."

मग काय विचारता! सकाळी मिठाचं ताक, दुपारी दहीभात नि माझी फोड, संध्याकाळी मिठाचं लिंबूपाणी. गोळीला धरायला मीठ मिळालं. दर आठवड्याला डॉक्टर येऊन दाब मोजत. रोज संध्याकाळी शांभवी स्वयंपाकघरात उभी राहून धड्याची तयारी करायची. पुढ्यात विद्यार्थी म्हणून कोण? मी! कधी चार मिनिटांत बसावं लागे, कधी नऊ. एके दिवशी तर दोनच, आणि ती खडू फेकून रडली. नागलक्ष्मीबाईंनी खडू उचलला. "उद्या," एवढंच म्हणाल्या. फेब्रुवारी संपता संपता ती वीस मिनिटं उभी राहू लागली. मला तर कंप्युटर तोंडपाठ झाला.

पंधरा मार्चला माझ्या आयुष्यातला पहिला प्रवास घडला. शांभवीनं मला पिशवीत घातलं आणि आम्ही टाऊन बसमधून निघालो! बाहेर रणरणतं ऊन, चुडीदारखाली तिचे ते घट्ट मोजे, बिचारी घामानं निथळत होती. केंद्रात शिरताच अशी गार हवा लागली की मी शहारले. वर्गात पंधरा मुलं. मागच्या बाकावर सुब्रमण्यम, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मला टेबलावर ठेवून तिनं शिकवायला सुरुवात केली.

दहा मिनिटं. अकरा. बाराव्या मिनिटाला तिनं खडू घट्ट धरला. मागच्या वेळी इथेच कोसळली होती! पण तिनं एका पायावर दुसरा पाय घेऊन मांड्या आवळल्या, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. आणि मला उचललं.

"हा आपला कंप्युटर," ती तमिळमध्ये म्हणाली. पोरं खो खो हसली. "आत काय घातलं? फळ आणि मीठ. हे इनपुट. आत काय घडलं? ऊन आणि दिवस. हे प्रोसेस. आणि बाहेर आलं ते..." तिनं झाकण उघडून एक फोड काढली, साऱ्या वर्गासमोर तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायली. "आउटपुट!"

वर्गात टाळ्या! तिचं औषध घेऊन झालं आणि कुणाला पत्ताही लागला नाही. पाऊण तास भरला तेव्हा ती फळ्यापाशी उभी होती. पाय थरथरत होते, ओठ सुकले होते, पण उभी होती. सुब्रमण्यम पुढे आले आणि म्हणाले, "सोमवारपासून या. तुमच्या कंप्युटरलाही आणा."

आता मी केंद्रात तिच्या टेबलावर असते. आजार गेलेला नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात चारदा तरी तिला खाली बसावं लागलं. पण वर्ग सुटला नाही. तिच्यासाठी आता एक उंच स्टूलही आलंय. वाचकहो, कुणी पोर उठताना चौकट धरत असेल तर तिला हसू नका, उभं करून मोजायला सांगा. आणि माझं ऐकून उगाच मीठ फाकू नका हं! अप्पांना मी अजूनही विषच आहे. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवावं, बरण्यांनी नव्हे.

काल ऐप्पसी महिन्यात वर्ष पुरं झालं. नागलक्ष्मीबाई उप्पिलियप्पनला जाऊन आल्या. मला त्यासाठी मुद्दाम घरी आणलं होतं. केळीची पानं मांडली, अप्पा आणि नागलक्ष्मीबाई जेवायला बसले. वाढायला शांभवी उभी. पानावर सगळ्यात आधी मीठ वाढतात ना, तशी तिनं आईच्या पानाच्या टोकाला माझ्यातली फोड ठेवली. मग भात, मग सार, मग भाजी, मग पुन्हा भात. एकदाही चौकट धरली नाही.

नागलक्ष्मीबाईंनी फोड जिभेवर ठेवली आणि त्यांचे डोळे भरले. "खारट झालंय गे," त्या म्हणाल्या. "बस आता. पुरे वाढणं."

"तूं जेव, आई," शांभवी म्हणाली. "मी उभी आहे."