डोंगराचे टायर

मिस्त्रीने सायकल उलटी करून मागचं चाक फिरवलं आणि लगेच हाताने थांबवलं. टायरचे मधले दाणे झिजून गुळगुळीत झाले होते. कडेच्या दाण्यांवर मात्र नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच होते.

"सपाट रस्त्यावर चालतील असे टाका," वहिनी म्हणाल्या. "शाळेत जायला-यायला वापरीन म्हणते. भंगारात द्यायला मन होत नाही."

"मग मध्ये सलग पट्टी आणि कडेला दाणे, असे घ्या. डांबरीवर पळतात आणि कच्चा रस्ता लागला तरी दगा देत नाहीत."

असेच टायर त्याने दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या नवऱ्याला, दादांना, दाखवले होते. दादा तेव्हा याच स्टुलावर धापा टाकत बसले होते. डॉक्टरांनी चढ बंद केला होता. तरी त्यांनी नवे टायर घेतले ते डोंगराचेच. 'सपाटीचे दिसले तर ती विचारेल. आणि तू तोंड उघडायचं नाहीस,' असं बजावूनही गेले. मिस्त्रीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एवढी एक गोष्ट मात्र त्याने पोटात ठेवली होती.

"त्या रविवारी ह्यांना जायचंच नव्हतं," वहिनी सायकलच्या दांडीवर हात फिरवत म्हणाल्या. "पायरीवर बसून होते. मीच म्हटलं, उठा, घरात माशा मारत काय बसलाय, डोंगर वाट बघतोय. परत आले, पाणी मागितलं आणि तिथेच... मी ढकललं हो त्यांना त्या चढावर."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. ज्याला शब्द दिला होता तो माणूस गेला, आणि ही बाई आतल्या आत कुढत जगत होती. त्याला दादांचा राग आला, अगदी मनापासून आला.

"वहिनी, इथे बोट लावा."

त्यांनी कडेच्या दाण्यांवरून बोट फिरवलं.

"डोंगरात हे केस पहिल्या महिन्यातच जातात. हे टायर दोन वर्षांचे आहेत. दादा वर गेलेच नाहीत. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. तळ्याकाठच्या सपाट रस्त्याने जायचे, बाकावर बसायचे आणि परत यायचे, मी कितीदा पाहिलंय."

वहिनींनी बोट काढलं नाही.

"म्हणजे मी नाही..." एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे टिपले. मिस्त्रीला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही.

"दर रविवारी येऊन सांगायचे, वरून आज काय काय दिसलं," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटच्या वळणावर एक झाड आहे म्हणे, अर्धं वाळलेलं. या खेपेला त्याला पालवी फुटली म्हणाले. मी भाजी चिरता चिरता ऐकायची."

मिस्त्रीने मधल्या पट्टीचा टायर खुंटीवरून काढला.

"तो नको. डोंगराचेच टाका."

"शाळेच्या रस्त्याला जड जातील हो."

"जाऊ देत जड," वहिनी म्हणाल्या. "आणि त्या झाडाकडे कुठून जायचं, तेवढं सांगून ठेवा."