देवाचा घास

मुकुंदवाडीच्या आमच्या घरात माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. त्यामुळे सुभेदाराची खाज नेमकी सोमवारीच का उसळते, हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी मला पडला.

सुभेदार म्हणजे आमचा कुत्रा. दौलताबादच्या आमच्या मळ्यातून त्याला पिल्लू असताना मीच आणले आणि नावही मीच ठेवले. यंदा उन्हाळा सरताना त्याच्या पोटावर लाल चट्टे उठले. मग तो दिवसभर पंजे चाटू लागला, कान रक्त येईपर्यंत खाजवू लागला, आणि मानेवरचे केस इतके गेले की पट्टा काढून ठेवावा लागला. माझा मुलगा इंद्रजीत कारखान्यात अधिकारी आहे. त्याला घरातला तो वास सोसेना. एके दिवशी जेवता जेवता त्याने निकाल दिला, "आई, दसऱ्यापर्यंत बघू. नाहीच बरा झाला तर मळ्यावर सोडू."

मळ्यावर सोडणे म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. तिथली कुत्री धडधाकट परक्यालाही टिकू देत नाहीत. हा तर अर्धा सोललेला.

औरंगपुऱ्यातल्या डॉ. बुद्धभूषण यांनी त्याची कातडी खरवडून तपासली. "गोचीड नाही, खरूजही नाही," ते म्हणाले. "बहुधा अन्नाचं वावडं आहे. गोळ्या-मलम देतो, पण खरी परीक्षा खाण्याची. आजवर याने जे खाल्लं नाही, तेवढंच द्यायचं. उकडलेले मासे आणि रताळं. दुसरा एक कणही पोटात गेला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

माझ्या चुलीवर मासळी कधी चढली नव्हती. मी मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडायला लावली आणि घरातल्या सर्वांना समोर उभे करून नियम ऐकवला. भांडी घासणारी कडूबाई पदरात तोंड लपवून हसली.

"मोठ्या बाई, पुढच्या जन्मी मला तुमच्या दारचं कुत्रं कर म्हणावं देवाला. रोज मासळी!"

"आधी या जन्मीची कढई नीट घास," मी म्हणाले.

काही दिवस उतार पडला. नंतर एका सोमवारी सकाळी सुभेदार भिंतीला पाठ घासत असलेला दिसला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. म्हणजे कुणीतरी त्याला चोरून घालत होते. आणि तेही माझ्या घरात.

पहिला संशय कडूबाईवर आला. तिच्या डब्यातल्या भाकरीचे तुकडे मी जाता-येता मोजू लागले, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घ्या झडती! भाकर मलाच पुरंना, कुत्र्याला कुठून घालू?"

मग मी कुंपणापाशी जाऊन शेजारच्या मालनबाईंना विचारले. त्यांच्या घरी बिस्किटांचे पुडे फार येतात. "अहो, तुमच्या सुभेदाराकडं बघायचं भ्या वाटतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडापाशी हात कोण नेईल?" मी निम्मा विश्वास ठेवला.

उरली सून. सुरेखा कुत्र्याजवळून जाताना नाकाला पदर लावते. फरशीला उग्र वासाचे नवे फिनेल तिनेच आणले होते. ती रविवारी सर्वांच्या आधी न्हाते आणि नंतर बराच वेळ दिसत नाही, हेही मी हेरले होते. कुत्रा गेला तर घर निवांत कुणाचे होणार? तिचेच. ज्याचा लाभ त्याचा हात, हा हिशेब मी आयुष्यभर मांडत आले आहे आणि तो क्वचितच चुकला आहे.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी मुद्दाम सांगितले, "आज अंगात कणकण आहे, मी पडते." दार लोटून घेतले, पण फट ठेवली. थोड्याच वेळात सुरेखा पदराखाली काहीतरी झाकून मागच्या दाराने गेली. मी चपला न घालता तिच्या मागे गेले.

पडवीच्या टोकाला ती गुडघ्यांवर बसली होती. नाकाला पदर नव्हता. एका हाताने तिने सुभेदाराची हनुवटी धरली होती, त्याच्या कपाळावर भंडारा लावला होता, आणि दुसऱ्या हातात वाटी होती. वाटीत दुधात कुस्करलेला गव्हाचा रोडगा.

"काय चाललंय हे?"

ती दचकली, पण वाटी तिने सांडू दिली नाही. "आत्याबाई... देवाचं हाय."

"देवाचं म्हणजे?"

"आपल्या इथल्या सातारा गावच्या खंडोबाला नवस बोललेय. ह्याची कातडी बरी होऊ दे, पाच रविवार कुत्र्याला दूध-रोडग्याचा घास घालीन म्हणून."

"आणि डॉक्टर काय म्हणाले होते?"

"दुसरं अन्न द्यायचं नाय म्हणाले." ती माझ्याकडे निरागसपणे पाहत होती. "मी अन्न कुठं दिलं? हा प्रसाद हाय. प्रसादानं उपास मोडत नाय, प्रसाद खाण्यात धरायचा नसतो. लग्न होऊन आले तवा तुम्हीच शिकवलं ना?"

शिकवले होते. तिच्या पहिल्या एकादशीला, याच घरात, असाच आवाज चढवून. मधल्या एका खेपेला डॉक्टरांनी तिला समोर बसवून "आणखी काही देता का?" असे विचारले, तेव्हा ती नाही म्हणाली होती, आणि तिच्या लेखी ते खोटे नव्हते.

तरीही माझ्या मनातली गाठ सुटेना. "तू तर त्याच्या वासाने नाक झाकतेस."

"वास येतो म्हणून जीव नको व्हय? मळ्यावर गेला तर चार दिवस काढायचा नाय तो."

"मग हे चोरून कशाला?"

"नवस बोलून दाखवला की फळत नाय म्हणतात. अन् तुम्ही तर लई दिवस झालं, समद्यांच्या मागं लागल्यात."

मी तिच्या हातातली वाटी घेतली. तिचा चेहरा उतरला. "आत्याबाई, अजून रविवार बाकी हायत. नवस मोडला तर देव कोपंल."

सुभेदार वाटीकडे पाहत शेपटी हलवत होता, आणि त्याच वेळी मागच्या पायाने कान खाजवत होता. देवाचा प्रश्न डॉक्टरांना विचारून सुटणारा नव्हता.

"नवस मोडायचा नाही," मी म्हणाले. "हा घास साताऱ्याला देवळापुढच्या कुत्र्यांना घालून ये. आणि इथे देवापुढे रताळ्याचा नैवेद्य ठेव. त्यातलाच घास याला. रताळे उपासाला चालते. देवाला चालत नाही असे मला कुणी सांगितलेले नाही."

"अन् देव रागावला तर?"

"तर मला विचारेल. घरात मोठी मी आहे."

डॉक्टरांना मी स्वतः फोन करून सर्व सांगितले. ते म्हणाले, "चला, पुन्हा पहिल्यापासून." पुढच्या प्रत्येक रविवारी मी पडवीत खुर्ची टाकून बसले. विश्वास बसला होता. पण पहारा ही माझी सवय आहे.

भादव्यात सोमवार शांत जाऊ लागले. कानांवरच्या खपल्या गळाल्या, पोटाचा लाल रंग फिकटला. दुखणे गव्हाने येते की दुधाने, हे दिवाळीनंतर एकेक देऊन पाहू, असे डॉक्टरांनी सांगितले.

दसऱ्याला घरभर पुरणाचा वास सुटला होता. इंद्रजीत गाडीला हार घालून आत आला आणि सुभेदारापाशी वाकला. त्याच्या मानेवर कोवळी लव आली होती. इंद्रजीतने तिथे हात फिरवला, तळहात उलटा करून पाहिला, कोंडा नव्हता. मळ्याचे नाव त्याने काढले नाही. इतकेच विचारले, "आई, याचा पट्टा कुठं ठेवलाय?"

मी पट्टा आणायला उठले, तेव्हा सुरेखा स्वयंपाकघरातून पडवीकडे निघालेली दिसली. आज तर घरात पोळ्यांची चवड होती.

"थांब. मूठ उघड."

तिने दोन्ही तळहात पुढे केले. रिकामे होते, बोटे तेवढी भंडाऱ्याने पिवळी झालेली. मग तिने माझ्या मिटलेल्या हाताकडे पाहिले.

"आता तुमची उघडा, आत्याबाई."

या घरात मला असे कुणी म्हटले नव्हते. मी मूठ उघडली. आत आपट्याचे पान होते. दसऱ्याचे सोने धाकट्यांनी आधी थोरांना द्यावे, ही आमच्याकडची रीत.

"बघतेस काय? धर," मी म्हणाले.