उघडं झाकण

आमच्या प्रयोगशाळेत फोन तपासायला माणसाचं डोकं लागतं. अर्धंच, आणि प्लॅस्टिकचं. कुशीवर झोपल्यासारखं ते आडवं असतं. आत मीठ-साखरेचं पाणी. मेंदूचं काम त्याच्याकडे. खालून गालाला फोन लावायचा. वरून यंत्राचा हात पाण्यात सुई फिरवतो आणि लहरींची किती ऊर्जा मुरते ते मोजतो. मर्यादा किलोमागे १.६ वॅट.

वहिनीला सातवा महिना. दादा बोटीवर. सोमवारी चारला बोट सुटणार, मग तीन आठवडे रेंज नाही. निघण्यापूर्वी तो फोन करणार होता. पण शेजारणीने वहिनीच्या डोक्यात लहरींचं काहीबाही भरवलं होतं.

"तू मोजून सांग. तू म्हणशील तसं," वहिनी त्या सोमवारी सकाळी म्हणाली.

तिच्याच मॉडेलचा फोन आमच्या कपाटात होता. मी आल्या आल्या लावला. १.६८! लगेच तिला कळवलं, "फोन बंद करून ठेव."

जेवणानंतर आमचे वरिष्ठ (सगळे त्यांना आजोबा म्हणतात) त्या डोक्यात वाकून पाहू लागले. "झाकण कुठंय गं?"

झाकण शुक्रवारपासून टेबलावर पडलं होतं. मीच विसरले होते. दोन दिवसांत पाणी उडालं, मीठ मागे राहिलं. खारट पाण्यात ऊर्जा जास्त मुरते.

"आधी पाणी मोजायचं, मग फोन. रोज काय घसा कोरडा करायला सांगतो मी?"

पाणी नीट करून पुन्हा मोजलं. १.३४. सव्वातीन झाले होते आणि वहिनीचा फोन बंद. मी स्कूटर काढली.

वहिनी दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"सकाळचा आकडा खरा, आता हाही खरा. उद्या तिसरा काढाल का, वन्सं?"

"चूक माझीच. शिवाय मर्यादा धोक्याच्या कितीतरी अलीकडे आखलेली असते. हे मला सकाळीही माहीत होतं. तरी आकडा बघून घाबरले."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

ती हसली. "मग बरंय. मला वाटलं, मीच एकटी वेडी." तिने फोन सुरू केला, स्पीकर लावला आणि हातभर लांब उशीवर ठेवला.

चारला दहा कमी असताना तो वाजला.

"सकाळपासून लावतोय! होतीस कुठे?"

"तुमच्या बहिणीला विचारा," वहिनी म्हणाली. "मेंदूवरचं झाकण उघडं टाकून आली होती."